खंडेनवमीची अकरा मापं

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास मौला शिकलगार साताऱ्यात प्रांजल बर्गेच्या ऑफिसची पायरी चढला, तेव्हा मानसिंगमामा तुटलेल्या चपलेच्या अंगठ्यात सेफ्टी पिन खुपसत बसले होते.

"मुलीकडचे का मुलाकडचे?" मामांनी मान वर न करता विचारलं.

यात मामांची चूक नव्हती. दारावर 'खाजगी तपास' अशी ऐटदार पाटी असली, तरी इथे येणाऱ्या दहांतले नऊ लग्नाआधीच्या चौकशीला यायचे. मुलगा पितो का, पुण्यातली नोकरी खरी का, एवढंच. प्रांजल मूळची कोरेगावची, वय चौतीस, डोकं तल्लख. मामा तिचे सख्खे. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते तिची गाडी चालवायचे आणि उरलेल्या वेळात तिचं डोकं खायचे.

"माझी पोरगी चोर न्हाई, ताई," मौला म्हणाला. खुर्ची पुढे केली तरी तो बसला नाही.

प्रांजलने त्याला आधी पाणी दिलं. मग हळूहळू हकिगत बाहेर आली.

सांगलीत एका ट्रस्टचं कृत्रिम पाय बनवायचं वर्कशॉप होतं. मौला तिथे अठ्ठावीस वर्षं पायाचे चामडी पट्टे शिवत होता. त्याची मुलगी सुमैरा तिथेच मापं घ्यायची. पूर्वी उरलेल्या पायाला प्लास्टर लावून साचा काढत. आता हातातलं स्कॅनर पायाभोवती फिरवायचं, की लॅपटॉपच्या पडद्यावर पाय जसाच्या तसा उमटायचा. ते माप सर्व्हरवर, म्हणजे वर्कशॉपच्या मुख्य कॉम्प्युटरवर जायचं आणि त्यावरून, उरलेला पाय ज्यात बसतो ती प्लास्टिकची वाटी छपाईच्या मशीनवर तयार व्हायची.

"बुधवारी, खंडेनवमीला, जतची अकरा माणसं जीपनं आली. सुट्टी हुती, पर मानसं लांबनं आलेली. पोरीनं अकराच्या अकरा मापं घेतली. शुक्रवारी बघती तर एक बी न्हाई."

"चोरून काय उपयोग?" मामा म्हणाले. "एकाचा पाय दुसऱ्याला थोडाच बसतोय?"

"साताऱ्यात नवं केंद्र निघालंय. सेक्रेटरीसायेब म्हणत्यात, पोरीनं मापं तिकडं दिली आन् हितली पुसली. त्या केंद्राला फोन करून त्यांनी सांगितलं बी, की ही पोरगी चोर हाय." मौलाने पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. "आज चारला मीटिंग हाय. तिला काढनार. काढू द्या, ताई. पर चोर म्हणून काढलं तर सांगलीत आन् साताऱ्यात तिला दारात कोन उभं करंल?"

"मापं नाहीत हे आधी कुणाच्या लक्षात आलं?"

"तिच्याच. तिनंच जाऊन सायबास्नी सांगितलं."

प्रांजलने पर्स उचलली. "मामा, गाडी काढा."

"आगं, चप्पल..."

"गाडी चपलेवर चालत नाही."

मामा आयुष्यात कधी उशिरा पोचले नव्हते. साडेबाराला गाडी सांगलीत वर्कशॉपच्या फाटकात होती.

व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारी कुबडी आडवी ठेवून बसली होती. डाव्या गुडघ्याखाली लुगडं रिकामं होतं. बनुबाई, जतकडची मेंढपाळ. पुन्हा माप द्यायला बोलावलंय असा निरोप आला, म्हणून पहाटेच निघाली होती.

"आजी, तुमचं माप खरंच घेतलं होतं?" प्रांजल शेजारी बसली.

"न घ्याला काय झालं? माजा पाय मी त्या काचंत बघितला की. तीळसुदिक दिसला." म्हातारी हसली. "लय भराभर उरकलं बग पोरीनं. माज्या भावाच्या येळंला एकेकाला किती वाडूळ बसवलंवतं. ह्या टायमाला हितं बसलो न् तितं उठलो. येक सांग, आता कवा हुईल? मेंढरं घिऊन मानसं निगाली. मी मागं ऱ्हायले."

"बघते," प्रांजल म्हणाली. खोटं आश्वासन द्यायची तिला सवय नव्हती.

सेक्रेटरी उदयसिंह हे निवृत्त कॅप्टन. उजवा पाय याच वर्कशॉपचा, आणि त्यावर ते सरळ ताठ चालायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त एकदा निर्णय घेतला की तो शेवटचा, अशी सवय फौजेतून घरी आणली होती.

"त्या केंद्राने तिला नोकरी देऊ केली होती. दसऱ्याच्या दिवशी ती तिथे गेली होती. तिने हे मला सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. आणि फाइल सर्व्हरवर आल्याच नाहीत, याचा कागद माझ्याकडे आहे. आणखी काय हवं?"

"लॅपटॉप त्या दिवशी कुठे होता?"

"बुधवारी संध्याकाळीच इथल्या कपाटात ठेवला. किल्ली फोरमन नाथाजींकडे. पण पेन ड्राइव्ह खिशात मावतो, मॅडम."

टेबलावर एक टाइप केलेलं पत्र पडलं होतं. फक्त सही व्हायची बाकी होती.

कागद ज्याने दिला तो विश्वजीत, कॉम्प्युटरची देखभाल करणारा, शेजारच्याच खोलीत सापडला. तो एकाच वेळी दोन फोनवर बोलत होता आणि दोन्हीकडे 'दहा मिनिटांत येतो' म्हणत होता.

"सरळ केस आहे," त्याने छापील कागदांची चळत पुढे केली. "सर्व्हरवर कोणी, कधी, काय ठेवलं, त्याची ही आठवड्याची नोंद. बुधवारी सुमैराच्या नावाची एक ओळ दाखवा."

मामांनी चष्मा चढवला. एसटीतल्या लॉगशीटांची सवय होती, त्यामुळे ते पानं उलटताना बोटाला थुंकी लावायचे. "बुधवारचा कागद तर निव्वळ कोरा हाय. कोरा कागद कशाला छापला, गड्या?"

"पुरावा म्हणून."

"आन् रविवारी सुट्टी असून हे काय बारीक बारीक?"

"सर्व्हर दर तासाला आपली हजेरी लावतो. त्याचा इथे काही संबंध नाही." विश्वजीत वैतागला. "लॅपटॉपही मी पूर्ण धुंडाळला. एकही माप नाही. सर्व्हर जुना झालाय, नवीन घ्या म्हणून मी वर्षभर सांगतोय, पण या भानगडीत सर्व्हरचा दोष नाही. तो व्यवस्थित चालू आहे."

तो चालू होता हे खरं. जिन्याखालच्या लहानशा खोलीत प्रांजल डोकावली, तेव्हा काळ्या पेटीवर दोन हिरवे दिवे लुकलुकत होते. पेटीच्या जाळीत झेंडूची एक सुकलेली पाकळी अडकली होती.

फोरमन नाथाजी मागच्या शेडमध्ये होते. हात कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरे.

"मशीनीचं मला इचारू नका," ते म्हणाले. "म्या तीस वरसं हातानं साचं काढलं. पायावर हात फिरवला की कळतं, कुठं दुकतंय. मशीनीला काय कळतंय?"

"म्हणजे मापं गेली याचं तुम्हाला वाईट नाही वाटलं."

म्हाताऱ्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "किल्ली माज्याकडं हाय म्हून इचारताय. इचारा. पर त्या अकरांत ती बनुबाई हाय, बाहीर बसलीया. तिचा पाय पुसाया माजा हात धजंल व्हय?" मग आवाज उतरला. "पोरीवर मी त्या दिशी चिडलो हुतो, ते खरं. खंडेनवमीला हत्यार चालवत न्हाईत. समदी हत्यारं पूजंला बसलेली आन् ही आपली काम करतीया. पर मानसं जतहून आलेली. मग मीच तिला च्या करून दिला."

"पूजा तुम्हीच करता?"

"दर साल. सकाळी आठला उरकली." नाथाजींनी फडक्याला हात पुसून फोन काढला. फोटो त्यांनी अभिमानाने दाखवले. लेथ, भट्टी, हातोड्या, कानशी, छपाईचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. शेवटच्या फोटोत जिन्याखालची काळी पेटी, तिच्यावर झेंडूची घसघशीत माळ. अंधाऱ्या खोलीत उजेड म्हणून फक्त उदबत्तीचं लाल टोक.

"हिची पण पूजा?"

"ती बी मशीनच की. वरसाचा एक दिस तिला बी मान. फकस्त पोरीचा लॅपटॉप ऱ्हायला. आदल्या दिशी लोणंदच्या मापाच्या शिबिराला गेलता, तो तिच्या घरीच हुता."

प्रांजल त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. मामांना वाटलं, ती झेंडू बघतेय. त्यांना गेल्या दसऱ्याचा झेंडू किती महाग होता ते सांगायचं होतं, पण तिने हात वर करून थांबवलं.

सुमैरा शेवटी भेटली. चोविशीची, डोळे सुजलेले, पण उत्तरं सरळ.

"साताऱ्याला गेले होते, मॅडम. बघायला काय हरकत? नको म्हणून सांगून आले. अब्बांचे पट्टे सोडून मी दुसऱ्याच्या पट्ट्यावर पाय बसवू? साहेबांना सांगितलं नाही, कारण नकोच म्हटल्यावर सांगायचं काय?"

"मापं ठेवतेस कशी?"

"शिबिराला गेलं की लॅपटॉपवरच 'शिबिर' नावाच्या फोल्डरमध्ये. परत आल्यावर सर्व्हरवर टाकते आणि लॅपटॉपवरची काढते. वर्कशॉपमध्ये असले की प्रोग्रॅम आपोआप 'मापं' फोल्डरमध्ये ठेवतो. ते फोल्डर दिसतं लॅपटॉपवर, पण असतं सर्व्हरचं. बुधवारी मी इथेच होते, म्हणून थेट 'मापं'मध्ये."

"लोणंदची मापं?"

"शुक्रवारी सर्व्हरवर टाकली, लॅपटॉपवरची पुसली. ती आहेत."

"लॅपटॉप काही कुरकुर करतो?"

"आधी लय करायचा. सुरू होताना सर्व्हर सापडला नाही की तिथेच अडून बसायचा. शिबिरात दहा दहा मिनिटं पेशंट ताटकळायचे. गणपतीत विश्वजीतदादांनी काहीतरी बदललं. आता झटकन सुरू होतो. शुक्रवारपासून मात्र 'जागा कमी आहे' म्हणतोय. काय ठेवलंय त्यात, कुणास ठाऊक."

बाहेर आल्यावर मामांनी निकाल देऊन टाकला. "नाथाजी. किल्ली त्याच्याकडं, मशीनीवर राग त्याचा. आन् फोटो दावतोय म्हणजे लयच भोळा बनतोय."

"मामा, तुम्ही आज दोनदा केस सोडवलीत," प्रांजल म्हणाली, "पण माणूस चुकीचा धरलात."

"दोनदा? कवा?"

"कोरा कागद कशाला छापला म्हणालात, आणि रविवारचं बारीक बारीक दाखवलंत."

मामांना काही कळलं नाही. पण कौतुक होतंय एवढं कळलं, आणि तेवढ्यावर ते खूश झाले.

चार वाजता सगळे बैठकीच्या खोलीत जमले. उदयसिंहांपुढे पत्र आणि पेन. मौला भिंतीला टेकून उभा. बनुबाईला कोणी बोलावलं नव्हतं, तरी ती कुबडी टेकत येऊन पहिल्याच खुर्चीवर बसली.

"कॅप्टनसाहेब, सही करण्याआधी दहा मिनिटं द्या," प्रांजल म्हणाली. "मापं चोरीला गेलेली नाहीत आणि पुसलेलीही नाहीत. ती याच इमारतीत आहेत."

"मी सगळं शोधलंय," विश्वजीत म्हणाला.

"माहीत आहे. बनुआजींपासून सुरू करते. त्या म्हणाल्या, या वेळी माप भराभर उरकलं. आधी त्यांच्या भावाच्या वेळी एकेकाला बराच वेळ बसावं लागलं होतं. का बसावं लागतं, सुमैरा?"

"माप मोठं असतं. तारेतून सर्व्हरवर जायला पाच मिनिटं लागतात."

"त्या दिवशी ती पाच मिनिटं लागलीच नाहीत. म्हणजे मापं तारेतून गेलीच नाहीत. का गेली नाहीत? तर हा कोरा कागद. सुमैराचं नाव नाही, हे विश्वजीतरावांनी बघितलं. पण रविवारी वर्कशॉप बंद असतानाही सर्व्हर दर तासाला आपली हजेरी लावतो. बुधवारी त्याची स्वतःची हजेरीसुद्धा नाही. गुरुवारी ती सुरू होते संध्याकाळी सातला. गैरहजर कोण होतं? सुमैरा की सर्व्हर?"

विश्वजीतने कागद ओढून घेतला. त्याचा एक फोन वाजत होता, तो त्याने उचलला नाही.

"सर्व्हर बंद होता?" उदयसिंह म्हणाले. "कोणी केला?"

"नाथाजीकाकांच्या फोनमध्ये त्या सकाळचा फोटो आहे. पेटीवर माळ आहे, पण एकही हिरवा दिवा नाही. उजेड फक्त उदबत्तीचा."

सगळ्यांच्या नजरा नाथाजींकडे वळल्या. म्हातारा गोंधळून उभा राहिला. "म्हंजे? पूजंला बसलेलं हत्यार चालू कसं ठेवनार? लेथ बंद, भट्टी बंद, तसं तिचं बी बटन आदल्या सांजंलाच बंद केलं. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मीच सुरू केलं. दर साल करतो. कुनी इचारायला तर पायजे!"

"दरवर्षी त्या दिवशी मापं द्यायला कोणी येत नसे, म्हणून कधी बिघडलं नाही," प्रांजल म्हणाली. "यंदा जीप आली. आणि सुमैराचा लॅपटॉप घरी होता, म्हणून तेवढाच पूजेतून सुटला."

"पण सर्व्हर बंद असता तर लॅपटॉपने सांगितलं असतं," उदयसिंह म्हणाले.

"गणपतीआधी सांगितलं असतं. तेव्हा तो अडून बसायचा. मग विश्वजीतरावांनी त्याला शिकवलं, की सर्व्हर सापडला नाही तर गप्प बस आणि पुढे चल. बरोबर?"

विश्वजीतची मान खाली गेली. "शिबिरात अडतो म्हणून केलं. पण सूचना दिसेल असं काही ठेवलं नाही. ते ठेवायला हवं होतं."

"मग मापं गेली कुठं?" मामांना आता राहवेना.

"मामा, समजा भिंतीत एक कोनाडा आहे. रोज सकाळी सर्व्हर आपली पेटी आणून त्या कोनाड्यात बसवतो. आपण वस्तू ठेवतो त्या पेटीत. एक दिवस पेटी आलीच नाही. कोनाडा उघडा, रिकामा. सुमैराच्या प्रोग्रॅमने नेहमीच्या जागी वस्तू ठेवल्या, त्या पेटीत न जाता कोनाड्यात पडल्या. दुसऱ्या दिवशी पेटी परत आली आणि कोनाड्यात बसली. वस्तू गेल्या तिच्या मागे. आता कितीही शोधा, पेटीच दिसणार. पण जागा अडलेली ती अडलेलीच. म्हणून लॅपटॉप म्हणतोय, जागा कमी आहे."

सुमैराने दोन्ही हातांनी लॅपटॉप धरला होता.

"हे बोलणं झालं," उदयसिंह सावकाश म्हणाले. "दाखवा."

"लॅपटॉप बंद कर, सुमैरा. विश्वजीतराव, जिन्याखाली जा आणि सर्व्हरची तार काढा."

"तार? अहो, तार काढली तर आहे तेही दिसायचं बंद होईल!"

"तेच हवंय. पेटी बाजूला करा."

विश्वजीत गेला. "काढली!" असा त्याचा आवाज जिन्याखालून आला. सुमैराने लॅपटॉप सुरू केला. तो न अडता, न बोलता झटकन सुरू झाला, जसा त्या बुधवारी झाला होता. तिने 'मापं' उघडलं.

गेल्या चार वर्षांची शेकडो नावं तिथून नाहीशी झाली होती. पडद्यावर फक्त अकरा होती.

तिला मोजायचं होतं, पण डोळे भरून आले, म्हणून मामांनी मोठ्याने मोजलं. नऊ, दहा, अकरा. पहिलं नाव बनुबाईचं होतं. सुमैराने ते उघडलं आणि पाय पडद्यावर उमटला, गुडघ्याखालच्या तिळासकट.

"ह्यो माजा!" बनुबाईने पडद्याला बोट लावलं. "मी म्हनलं न्हवतं?"

मौला मात्र भिंतीला टेकल्याटेकल्या खाली बसला. वर्कशॉपात आल्यापासून तो पहिल्यांदाच बसला होता.

नाथाजी हात जोडून सुमैरापुढे आले. "माज्या पूजंनं तुजं नाव गेलं, पोरी."

"पूजेनं नाही, काका. कुणी कुणाला सांगितलं नाही, म्हणून गेलं," सुमैरा डोळे पुसत म्हणाली. "पुढल्या वर्षी माझा लॅपटॉपपण पूजेला घ्या. फक्त आदल्या दिवशी सांगा."

विश्वजीत धुळीने माखून परत आला होता. त्याने कुणी न विचारताच सांगितलं, की अकराही मापं आधी दुसरीकडे उतरवून घेतो, मगच तार जोडतो. आणि यापुढे सर्व्हर सापडला नाही तर तो रिकामा कोनाडा कुलूपबंद राहील. काही ठेवायला गेलं तर लॅपटॉप मोठ्या लाल अक्षरांत तसं सांगेल, 'शिबिर'मध्ये ठेवा म्हणेल. आज रात्रीच्या आत करतो, म्हणाला. दहा मिनिटांत म्हणाला नाही, हे मामांनी ध्यानात घेतलं.

उदयसिंहांनी पत्राचे दोन तुकडे केले. "सुमैरा, माझी चूक झाली. नोकरी तुझीच आहे. झालं गेलं विसरून जा."

"नोकरीचं नंतर, साहेब," सुमैरा म्हणाली. "पत्र तर कुणी वाचलंच नव्हतं. साताऱ्याला फोन केला होता तुम्ही. तिथे माझं नाव अजून तेच आहे."

क्षणभर वाटलं, कॅप्टन चिडणार. मौला घाईने उठायला लागला. पण उदयसिंह त्याच्याआधी उठले, आपल्या त्या पायावर ताठ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला.

"नमस्कार. सांगलीहून उदयसिंह बोलतोय. शनिवारी मी सुमैरा शिकलगारबद्दल तुम्हाला जे सांगितलं, ते साफ खोटं होतं. तिने काही चोरलं नाही. चौकशी न करता मी बोललो. तुम्ही ज्यांना ज्यांना हे सांगितलं असेल, त्यांना आजच परत सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

पलीकडून कोणीतरी म्हणालं, "बरं झालं सांगितलंत. तिला विचारा, अजून यायची इच्छा आहे का?"

"न्हाई!" मौला आणि नाथाजी एकदमच ओरडले, आणि खोलीत पहिल्यांदा हशा झाला.

बनुबाईला या फोनाफोनीत रस नव्हता. तिने कुबडी फरशीवर आपटली. "माजा पाय कवा, ते सांगा आदी."

"वाटी आज छापायला लावते, आजी," सुमैरा म्हणाली. "परवा घालून बघू."

"घालायच्या आदी मी हात फिरवून बघनार," नाथाजी म्हणाले. "मशीनीला दुकलेलं कळत न्हाई."

"बघा की, काका. मी तरी कुठे नको म्हणते?"

निघताना मामा चपला शोधू लागले. दाराशी एकच चप्पल होती. दुसरी शेडमध्ये मौलाच्या मांडीवर सापडली. सेफ्टी पिन काढून त्याने अंगठ्याला नवं चामडं लावलं होतं आणि शेवटचा टाका दाताने तोडत होता.

मामांनी ती घातली, चार पावलं चालून बघितली, मग आणखी चार. "लय ब्येस बसली," ते म्हणाले. "माप कवा घेतलंत?"

"तुमी नावं मोजत हुता, तवा. नजरेनंच," मौला म्हणाला, आणि प्रांजलसाठी चहा सांगायला स्वतः फाटकापर्यंत गेला.